ठेवलेले अंडे

परसात कोंबड्या पाळणाऱ्या घराला अंड्याकडे नुसती खाण्याची वस्तू म्हणून पाहता येत नाही. दुकानातून डझनभर अंडी आणली की ती शिजवायची आणि संपवायची, एवढेच आपल्या हाती उरते. खुराड्यातून काढलेल्या अंड्याचे तसे नाही. ते आज खायचे की ठेवायचे, कुणाला द्यायचे, विकायचे की कोंबडीखाली घालायचे, याचा निवाडा रोज करावा लागतो. वसईच्या वाड्यांतून हा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या घरच्या स्त्रियांनी केला. आमच्या घरी तो प्रथम आजीकडे होता, पुढे आईकडे आला आणि आता आम्हां सर्वांवर आला आहे.

आजीचा पहिला नियम असा की, खुराड्यातील सगळी अंडी कधीही काढायची नाहीत. एक अंडे मागे ठेवायचे आणि त्यावर कोळशाने फुली करायची. सारी अंडी नाहीशी झालेली दिसली की कोंबडी ती जागा सोडते आणि केळीच्या बुंध्याशी किंवा बावखलाच्या काठच्या झुडपात लपून अंडी घालू लागते. मग ती अंडी घरच्यांना सापडण्याआधी मुंगसाला सापडतात. एक ठेवलेले असले की ती पुन्हा त्याच जागी येते. फुली एवढ्याचसाठी की, जुने अंडे चुकून ताज्यांत मिसळू नये.

गावठी कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देते. व्यापारी पोल्ट्रीतील कोंबडी तीनशेच्या आसपास देते, परंतु निवडीच्या पैदाशीत तिची उबवणीची उपजत वृत्ती बहुतांशी हरपली आहे. आमची कोंबडी बारा-पंधरा अंडी घालून झाली की खुडूक बसते, अंग फुगवून खुराड्यातच ठाण मांडते आणि हात घातला तर चोचीने फोडून काढते. घरात चार-पाच कोंबड्या असल्या तरी अंडी मोजकीच मिळत. पहिला हक्क बाळंतिणीचा, मग आजाऱ्याचा, मग अवचित आलेल्या पाहुण्याचा. उरलेली आजी भाताच्या तुसात रचून पापडीच्या बाजारात नेई. त्या पैशांचा हिशेब आजोबा कधी विचारीत नसत. आमच्या वह्या-पुस्तकांचा बराचसा खर्च त्यांतूनच भागला. आम्हां भावंडांच्या वाट्याला अर्धे अंडे येई. ते दोऱ्याने कापलेले असे, म्हणजे कुणाचा अर्धा मोठा अशी तक्रार उरत नसे.

उबवणीसाठी आजी आठवड्याच्या आतलीच अंडी निवडी, आणि तीही विषम संख्येत, नऊ किंवा अकरा. अंडी बसवल्याच्या सातव्या रात्री ती एकेक अंडे कंदिलासमोर धरी. आत तांबड्या शिरांचे जाळे दिसले तर अंडे पुन्हा कोंबडीखाली जाई, नितळ दिसले तर बाजूला निघे. एकविसाव्या दिवशी कवचाला आतून टोच पडे. पिल्लू बाहेर येण्यास कधी अर्धा दिवसही लागे, परंतु कवच सोलून त्याला मदत करण्याची आम्हांला सक्त मनाई होती. त्या अवधीत पिल्लू बलकाचा उरलेला अंश पोटात ओढून घेत असते, आणि घाई केली तर रक्तस्राव होऊन ते दगावते. आजीला हे कारण ठाऊक नव्हते, नियम मात्र ठाऊक होता.

प्रायश्चित्तकाळात आजी मांसाबरोबर अंडीही वर्ज्य करी. मध्ययुगीन युरोपातही ख्रिस्ती लोक त्या चाळीस दिवसांत अंडी खात नसत. कोंबड्यांना मात्र उपवास ठाऊक नसल्याने अंडी साचत आणि ईस्टरच्या दिवशी ती घरोघर वाटली जात. ईस्टरच्या अंड्याची प्रथा रुजण्यात या साचलेल्या अंड्यांचा वाटा मोठा आहे. चॉकलेटचे अंडे देताना मुलांना हे सांगितले पाहिजे. आमच्या घरी त्या दिवसांतील अंडी कोंबडीखाली जात आणि ईस्टरनंतर अंगणात पिल्लांची चिवचिव सुरू होई.

हा व्यवसाय म्हटला तर सोपा, परंतु त्याचा भरवसा नाही. घार, मुंगूस आणि बोका यांच्यापासून डालगे वाचवते, मानमोडीपासून नाही. या रोगाला राणीखेत म्हणतात, कारण १९२७ च्या सुमारास आपल्या देशात तो प्रथम कुमाऊँतील राणीखेत येथे ओळखला गेला. एका पावसाळ्यात आमच्या चौदा कोंबड्या चार दिवसांत गेल्या. माना वेळावत त्या एकेक पडत होत्या आणि आजी पदर तोंडाला लावून उभी होती. बाळंतपणासाठी आमची आत्या त्याच महिन्यात माहेरी यायची होती. तिच्यासाठी शेजारणींनी आपापल्या खुराड्यांतून अंडी आणून दिली, आणि दोन तलंगाही दिल्या. त्या दोहोंपासून आमचे खुराडे पुन्हा भरले. पुढे आईने पशुवैद्यकीय दवाखान्यातून बर्फात ठेवलेली लस आणून आठवड्याच्या पिल्लांच्या डोळ्यांत एकेक थेंब घालण्याचा परिपाठ ठेवला. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा तेथील पोल्ट्रींबरोबर परिसरातील घरगुती कोंबड्याही माराव्या लागल्या. त्या बातम्या वाचताना पोल्ट्रीवाल्यांच्या नुकसानाइतकेच परसातले रिकामे खुराडे आमच्या डोळ्यांपुढे येई.

अंडे शिजवण्यातही ठेवण्याचे शास्त्र आहे. अगदी ताजे अंडे उकडले तर कवचाबरोबर पांढऱ्याचे लचके निघतात. सात-आठ दिवसांत कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मग तेच अंडे सहज सोलले जाते. म्हणून उकडण्यासाठी आई आठवड्याची अंडी घेते. उकळीत दहा मिनिटे ठेवून ती थंड पाण्यात टाकते. अधिक उकडली तर बलकाभोवती हिरवट कडा येते. कालवणासाठी मात्र आजचेच अंडे हवे. नारळाच्या रसाला मंद उकळी आली, त्यात वर्षाचा मसाला आणि चिंचेचा कोळ मुरला, की अंडी एकेक करून वाटीत फोडून अलगद सोडायची आणि झाकण ठेवायचे. ताज्या अंड्याचे पांढरे बलकाला बिलगून राहते, शिळ्याचे रसभर पसरते. बलक घट्ट होईपर्यंत शिजू द्यावा, त्यातच आरोग्य आहे. अंडी साठवण्यापूर्वी धुऊ नयेत, कारण कवचावरचे नैसर्गिक आवरण त्याने निघून जाते. धुवायची तर वापरण्याच्या वेळी. वय ठाऊक नसेल तर पाण्यात सोडून पाहावे. ताजे तळाशी आडवे पडते, जुने उभे राहते आणि तरंगणारे टाकून द्यावे.

आता आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे चार मजली इमारत उभी आहे. तेथील एक गृहस्थ रात्रपाळी करतात. आमचा कोंबडा पहाटे चारला आरवू लागे, आणि त्यांचा डोळा लागायची वेळ नेमकी तीच. त्यांनी एकदा संकोचाने ही गोष्ट आईच्या कानावर घातली. घरात दोन दिवस वाद झाला. वाडी आमची, कोंबडा आमचा आणि इमारत नंतरची, हे सारे खरे होते. आईने ऐकून घेतले आणि कोंबडा निर्मळच्या मावशीकडे पाठवून दिला.

कोंबड्याविना कोंबडी अंडी घालतेच, परंतु त्यांतून पिल्लू निघत नाही. तेव्हा कोंबडी खुडूक बसली की आता मावशीकडून अकरा अंडी येतात. त्यांच्या बदल्यात आमच्याकडून केळीचा फणा जातो. पूर्वी घरातल्या घरात होणाऱ्या कामासाठी आता दोन घरांना एकमेकांकडे जावे लागते, आणि त्यामुळे मावशीची भेट वर्षातून तीन वेळा तरी नक्की होते. आणलेली अंडी पहिला दिवसभर सावलीत स्थिर ठेवायची आणि रात्री, कोंबडी शांत असताना, तिच्याखाली सरकवायची.

रात्रपाळीच्या त्या गृहस्थांच्या घरी अलीकडेच सून बाळंत झाली. त्या दिवशी खुराड्यात चार अंडी होती. आईने तीन काढून त्यांच्याकडे धाडली.