दारात झुलणारा हत्ती

प्रत्येक सुशिक्षित माणसाला एखादा छंद असावा, असे म्हणतात. आमच्या कॉलेजात प्राध्यापकांच्या खोलीत दुपारचे डबे उघडले, की छंदांचे एक छोटेखानी प्रदर्शनच भरते. इतिहासाचे प्राध्यापक जुनी नाणी जमवतात, रसायनशास्त्राचे गुलाबाची कलमे करतात आणि अर्थशास्त्राचे शेअरबाजारात पैसे घालवतात. तोही त्यांच्या मते छंदच! पण नाणी पेटीत मावतात आणि गुलाब गॅलरीत राहतात. माझा छंद आमच्या वाडीत चिंचेखाली उभा आहे. त्याला सहा चाके आहेत, तो चारएक टन वजनाचा आहे आणि तो पाहुण्यांपासून लपवता येत नाही.

पूर्वी म्हणे श्रीमंतांच्या दारी हत्ती झुलत. आमच्या दारी ट्रक झुलतो. "हत्ती परवडला असता," असे सौ. म्हणते, "निदान त्याला नोझल लागत नाहीत."

हा ट्रक 1964 सालचा. त्याच्या नाकावर तीन टोकांची चांदणी आहे. टाटांच्या टेल्कोने 1954 साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझ कंपनीशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. तेव्हापासून 1969 साली तो करार संपेपर्यंत जर्मनीच्या मोटारींवरची ही चांदणी आपल्याकडे कांदेबटाटे वाहत होती. पुढे तिच्या जागी टाटांचे 'टी' हे अक्षर आले. आजोबांनी आजीच्या पाटल्या मोडून ट्रक घेतला, तेव्हा माझे वडील पंधरा वर्षांचे होते. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादा आधी त्या ट्रकवर क्लीनर झाले, मग ड्रायव्हर. निर्मळ-आगाशीच्या वाड्यांतून केळीचे लोंगर आणि विड्याच्या पानांचे करंडे स्टेशनवर पोचवायचे, येताना मीठ, विटा, मिळेल तो माल घेऊन यायचे. माझ्या लहानपणी गावात आमची ओळख आडनावाने नव्हती. "चांदणीवाल्यांचा मुलगा" म्हणत मला.

माझ्या आठवणीत हा ट्रक फार काळ चाललाच नाही. मी शाळेत होतो तेव्हाच दादांनी तो चिंचेखाली नेऊन उभा केला आणि पुन्हा त्याच्याकडे फिरकले नाहीत. कोंबड्यांनी केबिन ताब्यात घेतली. गुळवेलीने स्टिअरिंगला विळखा घातला. समुद्राचा वारा वसईत सर्वांशी सारख्याच आपुलकीने वागतो. त्याने पत्र्याची चाळण करून टाकली. तीनएक वर्षांपूर्वी एक भंगारवाला आला आणि त्याने किलोवर भाव सांगितला. दादा म्हणाले, "देऊन टाक." वास्तविक मीही देऊन टाकला असता, पण त्याने चांदणी हातोड्याने ठोकून पाहिली, आणि का कोण जाणे, मी म्हणालो, "विकायचा नाही." माणसाच्या हातून मूर्खपणा असा एका वाक्यात होतो. तो निस्तरायला मात्र वर्षे लागतात.

मला यंत्रातले काय कळते? मी मराठीचा एम. ए. आहे. आयुष्यात मी सुटे केले ते समास. सुदैवाने एस. टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री शेजारच्या आळीत राहतात. त्यांनी ट्रकाभोवती एक प्रदक्षिणा घातली, चासीवर चावीने टकटक केले, कान लावून आवाज ऐकला आणि निदान सांगितले, "सर, हाडं चांगली आहेत."

इंजिन मात्र जाम होते. मिस्त्रींनी नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल ओतले आणि आम्ही वाट पाहिली. रोज संध्याकाळी कॉलेजातून आलो, की पहारीने फ्लायव्हीलला ढकलून पाहायचे. ते हलेना. विद्यार्थ्यांना वृत्ते शिकवणारा मला वाटते असा चिवट ठरतो. अठराव्या दिवशी चाक बोटभर सरकले. त्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही. सौ.ला वाटले, पगारवाढ झाली.

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी समजले. आतली हवा इतकी दाबायची, की ती नुसत्या दाबानेच शेकडो अंश तापावी. नेमक्या त्या क्षणी डिझेलचा फवारा सोडला, की तो आपला आपण पेटतो. या जुन्या इंजिनात हा फवारा आधी एका लहानशा कोठडीत जातो. इंजिन थंड असले, की ही कोठडी उष्णता खाऊन टाकते. म्हणून तिथे हीटर प्लग असतात. ते आधी तापवायचे, थोडे थांबायचे आणि मग स्टार्टर मारायचा. घाई केली, तर नुसता पांढरा धूर निघतो आणि बॅटरी बसते. वर्गात पहिल्या तासाला मुलांपुढे एकदम अलंकारशास्त्र सुरू केले म्हणजे जे होते, तेच!

सुट्या भागांसाठी मी कुर्ल्याच्या भंगाराच्या दुकानांतून हिंडलो. तिथले दुकानदार माझा चष्मा आणि शबनम पाहून आधी मला इन्कमटॅक्सवाला समजत. पुढे ओळख झाली. "मराठी सर आले" म्हणून ते पोत्यांखालून काहीबाही काढून देऊ लागले. एकदा व्हील सिलिंडर वर्तमानपत्रात गुंडाळून लोकलमधून आणला. शेजारच्या गृहस्थांनी "पापलेट का?" असे विचारले. नऊशे-वीसचे सहा टायर घेताना मात्र घरात दोन दिवस अबोला होता. केबिन एका सुताराने नव्याने बांधली. मूळचीही सुतारानेच बांधलेली होती. त्या काळी कंपनीकडून चासी यायची. म्हणजे इंजिन, चाके आणि नाक. बाकीचा संसार ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे मांडायचा.

मध्यंतरी माझ्या मनात आले, की ट्रकाला सरकारदरबारीही मान मिळवून द्यावा. जुन्या गाड्यांसाठी 2021 साली केंद्र सरकारने नवे नियम केले आहेत. पन्नास वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते, तिला 'व्ही. ए.' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. नोंदणीची फी वीस हजार. मी नियम नीट वाचले. दुचाकी चालते, खासगी मोटार चालते. मालट्रक चालत नाही. म्हणजे एखाद्या संस्थानिकाची मोटार पन्नास वर्षे गॅरेजमध्ये उभी राहिली, तर ती वारसा. आणि आयुष्यभर लोकांची ओझी वाहिली तो ट्रक भंगार! मी मिस्त्रींपुढे तावातावाने बोललो. ते शांतपणे म्हणाले, "सर, मूळ रूप म्हणताय, ते याचं कुठलं धरायचं? ट्रक म्हणजे जे काम मिळेल ते. केळी भरली की केळीचा ट्रक, विटा भरल्या की विटांचा."

तेव्हा आम्ही चासी घासत होतो. गंजाचे पापुद्रे निघत होते. मिस्त्रींनी हात थांबवला आणि दोन्ही बाजूंच्या लोखंडी दांड्यांवर बोट फिरवले. तिथे चार-चार मोठी भोके होती आणि दोन जाड ब्रॅकेट वेल्डिंग करून बसवलेले होते. "ही कंपनीची नाहीत," ते म्हणाले. "यावर टाकी होती."

मला ते ठाऊक होते. ठाऊक होते, पण इतकी वर्षे मी ते कुणाला सांगितले नव्हते.

वसईच्या या पट्ट्यात दोन खाड्या आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या पोटात गोडे पाणी साठते. त्याच्यावर आमच्या विहिरी, बावखळे, पानवेली आणि केळी जगत आल्या. रहाटाने जेवढे उपसावे तेवढे पावसाळ्यात भरून येई. पुढे मोटारपंप आले. मग 1980 नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत स्टेशनाजवळ भराभर इमारती उठू लागल्या. इमारतींना पाणी नव्हते; विहिरींना होते. केळीला भाव नव्हता, पाण्याला होता. दादांनी हौदा उतरवला आणि आठ हजार लिटरांची टाकी चढवली. दिवसाला सहा खेपा. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार लिटर, आमच्या एका विहिरीतून, रोज. हा गुणाकार मी तेव्हा चौथीत होतो तरी मला येत होता. कुणी घातला नाही, एवढेच.

त्याच सुमाराला 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसे गावोगाव पाण्याबद्दल, टँकरबद्दल बोलू लागली. एक मोर्चा आमच्या घरावरून गेला. मी दारात उभा होतो. मोर्चात माझे गुरुजी होते, माझे मित्र होते. कुणी वाईटसाईट बोलले नाही. त्यांनी फक्त आमच्या अंगणातल्या ट्रकाकडे पाहिले. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ झाले, त्याच्या पुढच्या वर्षी खारट. गोडे पाणी उपसले, की समुद्र खालून आत येतो, त्याला मोर्चा लागत नाही. आमच्या पानवेली जळाल्या. शेजारच्या वाडीतल्याही जळाल्या. त्यांनी तर पाण्याचा एक थेंब विकला नव्हता. त्याच वर्षी ट्रक चिंचेखाली गेला.

त्या पाण्याच्या पैशांतून घरावर स्लॅब पडला, बहिणीचे लग्न झाले, आणि जे उरले ते माझ्या नावे बँकेत राहिले. त्यावर मी एम. ए. झालो. फादर दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा आमच्या वसईचा माणूस म्हणून मी कॉलेजात पेढे वाटले. घरी येऊन दादांना पेढा दिला. त्यांनी तो हातात घेतला आणि बराच वेळ खाल्ला नाही.

मिस्त्रींनी विचारले, "भोकं बुजवू? ब्रॅकेट कापून, घासून, रंग मारला की ओळखू येणार नाही. अगदी कंपनीचा दिसेल." मी "बघू" म्हणालो. खरे सांगायचे, तर मला तेच हवे होते. केळी वाहणारा, चांदणीवाला, 1964चा ट्रक मला हवा होता. 1964 ते 1985 एवढाच. मी वर्गात मुलांना सांगतो, की लेखकाची गैरसोयीची पाने गाळून त्याचा अभ्यास करता येत नाही. पण ते लेखकाबद्दल.

दुसऱ्या दिवशी दादा काठी टेकत चिंचेखाली आले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच आले. वाकून त्यांनी चासी पाहिली. एका भोकात बोट घातले.

"हे कुणी बुजवायला सांगितलं?"

"अजून कुणी नाही. मिस्त्री विचारत होते."

"नको बुजवू," ते म्हणाले. "मी पाडलीत ती. राहू देत."

एवढे बोलून ते घरात गेले. आम्ही हौद्याला हिरवा रंग दिला, नाकाला पिवळा. चासीला नुसता काळा रंग फासला. भोके तशीच आहेत.

यंदा दसऱ्याला ट्रकाची पूजा केली. सौ.ने झेंडूची माळ चांदणीला घातली आणि "आता तरी माझ्या ओट्याची फरशी बदला" असा नवसही तिथल्या तिथे बोलून घेतला. आदल्या आठवड्यात पंपात हवा धरली होती, ती काढता काढता माझे दोन सदरे गेले होते. दादांना आम्ही ड्रायव्हरच्या जागेवर बसवले. ट्रक रस्त्यावर न्यायचा नव्हता. त्याला ना पासिंग, ना परवाना. वाडीतच सुरू करून पाहायचा होता. दादांनी हीटरचे बटण ओढले आणि मनातल्या मनात आकडे मोजू लागले. त्यांचे ओठ हलत होते. मग स्टार्टर. एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि तिसऱ्यांदा साऱ्या चिंचेवरचे कावळे उडाले. माझा मुलगा टाळ्या पिटत होता. मिस्त्री सायलेन्सरपाशी उभे राहून धुराचा रंग पाहत होते.

ट्रकाचे तोंड विहिरीकडे आहे. दादा समोर पाहत बसले होते. थोड्या वेळाने त्यांनी खिडकीतून डोके बाहेर काढले.

"रेडिएटरला पाणी कुठलं घातलंस?"

"नळाचं. सूर्या धरणाचं."

"बरं केलंस. आपल्या विहिरीचं घालू नकोस हो. खारं आहे, आतून गंज धरेल."

इतक्या वर्षांत विहिरीचे नाव त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. त्या दिवसापासून रेडिएटरचे पाणी दादाच पाहतात. रविवारी सकाळी एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात नळाच्या पाण्याचा तांब्या घेऊन ते चिंचेखाली जातात. जाताना विहिरीपाशी थांबतात, ओंजळभर पाणी काढून चाखतात आणि थुंकतात. मग येऊन मला सांगतात, "अजून खारंच आहे."