पांघरूण

'पांघरूण घालणे' या वाक्प्रचाराला मराठीत दोष झाकण्याचा अर्थ चिकटला आहे. समीक्षकाचे आयुष्य असली पांघरुणे दूर सारण्यातच जाते. अंगावर ऊब घालणे हा त्याचा मूळचा साधा अर्थ किती गंभीर आहे, हे मला साठीनंतर कुंभकोणममध्ये उमगले.

तंजावरच्या मराठी राजवटीमुळे कावेरीकाठच्या या गावात मराठी बोलणारी काही घरे आहेत. अशाच एका घरी मी २०२४ च्या मे महिन्यात मुक्कामाला असताना माझे पित्ताशय काढावे लागले. बाहेर अंगाची लाही होत होती. तरीही भूल देण्याच्या अर्धा तास आधी परिचारिकेने माझ्यावर कागदासारखी हलकी रजई पसरली आणि नळीवाटे तिच्यात गरम हवा सोडली. या उन्हाळ्यात हे कशासाठी, असे मी विचारले. भूलतज्ज्ञ बाईंनी दिलेले उत्तर मननीय होते.

जागेपणी थंडी वाजली की त्वचेलगतच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते; शरीर आपली ऊब आपणच राखते. भूल ही राखण काढून घेते. रक्तवाहिन्या सैलावतात, छातीपोटातली उष्णता हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासाभरातच शरीराच्या गाभ्याचे तापमान एक ते दीड अंशाने उतरू शकते. त्यात शस्त्रक्रियागृहाची थंड हवा आणि उघडे अंग यांची भर पडते. तापमान ३६ अंशांखाली गेले की रक्त गोठण्यास विलंब लागतो, जखम चिघळण्याचा धोका वाढतो. मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांचा एक अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांचे अंग थंडावले होते त्यांच्यापैकी १९ टक्के रुग्णांच्या जखमांत जंतुसंसर्ग झाला. ज्यांची ऊब राखली होती त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. हातपाय आधीच उबदार केले, तर गाभ्यातली उष्णता तिकडे फारशी ओढली जात नाही. म्हणून पांघरूण थंडी वाजण्यापूर्वीच घालायचे.

हे ऐकताना मला याच गावात वाढलेल्या रामानुजनांची आठवण झाली. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे त्यांचे घर स्मारक म्हणून जपलेले आहे. १९१४ साली ते केंब्रिजला गेले. तिथे ओव्हरकोट घालून, शाल लपेटूनही रात्री थंडी वाजते, असे त्यांनी प्रशांतचंद्र महालनोबिसांना सांगितले. महालनोबिसांनी खोलीत जाऊन पाहिले, तर पलंगावर कांबळी पुरेशी होती, पण कडा गादीखाली घट्ट खोचलेल्या. ती उलगडून आत शिरायचे असते, हे रामानुजनांना ठाऊक नव्हते.

महालनोबिसांनी विचारले, म्हणून ते कळले तरी. जागा माणूसदेखील आपली थंडी दुसऱ्याने विचारल्यावाचून सांगत नाही. भुलेत असलेल्याला तर वाचाच नसते. त्याच्या वतीने कोणीतरी आधी बोलायला हवे. आपल्या माणसाला शस्त्रक्रियेसाठी नेताना आपण रक्तगटाची चौकशी करतो, खर्चाची करतो. त्याचे अंग उबदार कसे ठेवणार आहात, हाही प्रश्न त्याच वेळी विचारावा.