अर्ध्यावर सुटलेली विद्या

शिष्यवृत्तीचा करार लिहिला जातो तो दाता आणि विद्यार्थी दोघेही आनंदात असताना. म्हणूनच शिक्षण मध्येच सुटले तर काय, याचा विचार त्यात क्वचितच झालेला असतो. बडोद्यात वकिली करताना असा कागद हाती आला, की आम्हांस १९१३ सालचा एक करार आठवतो.

त्या वर्षी श्रीमंत सयाजीराव गायकवाड महाराजांनी भीमराव आंबेडकर यांस अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, अशी अट होती. कोलंबियाहून ते १९१६ मध्ये लंडनला गेले. तेथील अभ्यास अर्धा असतानाच शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये त्यांस परतावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा लंडन विद्यापीठाने दिली होती. त्या मुभेच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले.

बडोद्याचा करार मात्र तडीस गेला नाही. १९१७ च्या सप्टेंबरात ते नोकरीवर रुजू झाले. पण अस्पृश्य म्हणून या शहरात त्यांस राहावयास जागा मिळेना, आणि थोड्याच दिवसांत बडोदे सोडावे लागले. कागदावर पाहता अट विद्यार्थ्याने मोडली. न्यायाने पाहता ती आपल्या समाजाने मोडली.

देवस्थानांच्या व ज्ञातींच्या विद्यानिधींनी हे ध्यानी धरावे. ‘शिक्षण सोडल्यास सर्व रक्कम परत’ या एका ओळीत आळसाने वर्ग सोडणारा आणि वडिलांच्या आजारपणामुळे घरी परतणारा, दोघेही सारखेच दोषी ठरतात. अमेरिकेतील सरकारी मदतीचा नियम निदान दिवस तरी मोजतो: सत्राचे ६० टक्के दिवस भरण्यापूर्वी सर्व वर्ग सोडले, तर उरलेल्या दिवसांपुरतीच मदत परत जाते, त्यानंतर सोडले, तर ती विद्यार्थ्याचीच राहते. आपल्या १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ देखील करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा मानते. तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते.

विद्यार्थ्याने वर्ग सोडण्यापूर्वी आपला करार वाचावा आणि कारण लेखी कळवावे. विश्वस्तांनी ते कारण ऐकून घ्यावे, आणि करारात परत येण्याची मुदत आधीच लिहून ठेवावी. विद्यादानास आपण श्रेष्ठ दान म्हणतो. अडचणीच्या दिवशी ते सावकारी कर्ज होऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.