मुलगी पाणी मोजते

काही पदव्या अशा असतात, की त्यांचे नाव घेतल्याबरोबर समोरच्या माणसाचा चेहरा खुलतो. मुलगा डॉक्टरीला आहे म्हटले, की लोक लगेच आपली नाडी पुढे करतात. मुलगी वकिलीला आहे म्हटले, की गावाकडच्या जमिनीचा तीन पिढ्या रेंगाळलेला दावा ऐकवतात. पण "आमची मुलगी पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते," असे मी सांगितले, की समोरचे गृहस्थ क्षणभर थबकतात, "वा, वा!" म्हणतात आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतात, "म्हणजे पुढे नेमकं काय?"

या प्रश्नाला मी गेली दोन वर्षे निरनिराळी उत्तरे देत आलो आहे. आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी तर पर्यावरण म्हणजे झाडे असा हिशेब करून आपल्या गॅलरीतली मरायला टेकलेली तुळस हिला दाखवायला आणली. मुलीने कुंडीच्या बुडाचे बुजलेले भोक मोकळे करून दिले. तुळस जगली! तेव्हापासून इमारतीत तिच्या पदवीविषयी कोणी शंका घेत नाही. पण तुळस जगवायला विद्यापीठात जावे लागत नाही, हे काकूंना नसले तरी मला ठाऊक आहे.

ती या वाटेला लागली ती २०२१ साली. करोनामुळे कॉलेजे बंद होती आणि ती मालवणला आजीपाशी राहायला गेली होती. १६ मे रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळून गेले. आमच्या घराची कौले उडाली, परसातले तीन माड आडवे झाले आणि वीज गेली ती कित्येक दिवस आलीच नाही. बारावीची परीक्षाही त्या वर्षी रद्द झाली. बरोबरीची मुले खुशीत होती. ही मात्र कंदिलाच्या उजेडात आजीला विचारत बसली, की अशी वादळे आपल्याकडे पूर्वीही येत होती का? आजीने तिला २००९ च्या नोव्हेंबरातले फयान सांगितले. त्याच्या मागचे एक सांगितले, पण त्याचे साल आजीला आठवेना. आजोबा होते तेव्हाचे, एवढेच. नातीला साल हवे होते. किती माड पडले, पाणी कुठवर चढले, हे कोणी कुठे लिहून ठेवले आहे का, हे तिला हवे होते. मोजदादीची ही भूक त्या कंदिलापाशी लागली आणि ती अजून भागलेली नाही.

मुंबईत रसायनशास्त्र घेऊन ती बी.एस्सी. झाली आणि पुढे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागात गेली. तिची पुस्तके मी चाळून पाहिली. एका पुस्तकात रसायनशास्त्र, दुसऱ्यात वनस्पती, तिसऱ्यात भूगर्भ, चौथ्यात संख्याशास्त्र आणि पाचव्यात चक्क कायदा! आमच्या सौभाग्यवतींनी या अभ्यासक्रमाला 'ऋषीची भाजी' असे नाव दिले आहे. नाव चपखल आहे. ऋषीच्या भाजीत जे परसात मिळेल ते सारे पडते आणि तरीही तिची चव तिची स्वतःची असते.

कायद्याचे पुस्तक मी जरा जास्त वेळ वाचले, कारण त्यातल्या पुष्कळ घटना माझ्या आयुष्यातल्याच होत्या. १९७२ साली स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली आणि इंदिरा गांधी तिथे स्वतः गेल्या. १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा झाला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने हजारो माणसे मारली, तेव्हा १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा आला. १९९१ साली एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितले. त्याची अंमलबजावणी रेंगाळली. न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले, तेव्हा कुठे २००४ च्या सुमारास प्रत्येक पदवीधराला पर्यावरणाचा अभ्यास करावा लागू लागला. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने पाठ्यपुस्तक लिहवून घेतले ते पुण्याच्या डॉ. एरच भरुचांकडून. हे गृहस्थ पेशाने शल्यविशारद! रोग्याचे पोट उघडणाऱ्या माणसाने नदीचे दुखणे लिहावे, हे मला फार सूचक वाटले. एकूण काय, हे शास्त्र कोणा ऋषीला समाधीत सुचलेले नाही. दुखणे विकोपाला गेल्यावर घरात थर्मामीटर यावा, तसे ते आले आहे.

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिने मालवणच्या उत्तरेची कोळंबची खाडी निवडली. कौले शाकारून घ्यायची होतीच, म्हणून मीही आठ दिवस तिच्याबरोबर गेलो आणि पदवीचा अभ्यास म्हणतात तो चिखलात पोटरीएवढे रुतून कसा करतात, हे पाहून आलो.

तिचे सामान पाहून कोणालाही वाटावे, की मुलीने भातुकली मांडली आहे. एक ताटलीएवढी चकती, तिचे दोन भाग काळे आणि दोन पांढरे. ती दोरीने पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली, की दोरी मोजायची. पाणी किती नितळ हे त्यावरून कळते. १८६५ साली सेक्की नावाच्या एका इटालियन ज्योतिर्विद धर्मगुरूने ही युक्ती काढली. आकाशातले तारे पाहणाऱ्या माणसाने पाण्यात ताटली सोडली आणि जगभरचे विद्यार्थी ती अजून सोडताहेत. मग काचेच्या बाटल्या. त्यांत खाडीचे पाणी बुडबुडा न येऊ देता भरायचे आणि दोन औषधांचे थेंब टाकायचे. पाण्यात प्राणवायू असला तर तपकिरी साका धरतो, नसला तर तो पांढराच राहतो. ही रीत हंगेरीच्या विंकलरची, १८८८ सालची. पहिल्या बाटलीत तपकिरी ढग उतरू लागला तेव्हा मीच "आला, आला!" म्हणून ओरडलो. मुलीने शांतपणे वहीत वेळ लिहिली.

तिसरे साधन म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी काठ्यांची चौकट. ती कांदळवनाच्या चिखलावर टाकायची आणि आतली गोगलगाय, खेकड्याचे बीळ, रोपटे, सगळे मोजायचे. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि शेंगेसारखा लांब कोंब आईच्या अंगावरूनच खाली चिखलात उतरतो, हे मी लहानपणापासून पाहिले होते. पण एका चौकटीत असे किती कोंब तग धरून आहेत, हे मोजायला बसलो आणि पाठीचा कणा बोलू लागला. अशा चौकटी तिने दिवसाला वीस टाकल्या.

खाडीत सुकतीला बायका मुळे नि तिसरे वेचायला उतरतात. त्यांना या उद्योगाची फार गंमत वाटे. आमच्या शेजारचे एक जुने तांडेल, उभी हयात रापणीवर गेलेले, ते एके दिवशी काठावर येऊन उभे राहिले.

"काय गो बाय, काय गावला?"

"काय गावला नाय, आबा. पाणी मोजतंय."

"पाणी? ता खय मोजूचा असता? भांगाक उणा, उधाणाक ज्यास्त!"

आम्ही सगळे हसलो. पण मुलगी चिखलातून वर आली, काठावर बसली आणि तिने वहीचे नवे पान उघडले. पुढचा दीड तास तांडेल बोलत होते आणि ती लिहीत होती. कोणत्या वाऱ्याला तारली काठाला येते, कोणत्या तिथीला खाडीच्या तोंडाशी ओढ जास्त असते, पूर्वी रापणीचे दोर ओढायला अर्धी वाडी कशी उतरायची आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा कसा मिळायचा, खाडीचे तोंड पूर्वी कुठे होते आणि आता कुठे सरकले आहे. या माणसाजवळ पन्नास वर्षांची निरीक्षणे होती आणि त्यांतली एकही कुठल्या कागदावर नव्हती.

त्या रात्री पडवीत बसून मी तिला विचारले, "तांडेलांना हे सगळं ठाऊक आहे, तर तुझ्या बाटल्यांचं काम काय?"

उत्तर म्हणून तिने मला मालवणचाच इतिहास सांगितला. १९८७ साली सरकारने सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगड यांच्या आसपासचे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केले. हेतू वाईट नव्हता. किल्ल्याभोवती खरोखरच प्रवाळ आहेत आणि ते जपायलाच हवेत. पण ज्यांच्या होड्या त्या पाण्यात जातात, त्यांना ही रेघ आपल्या ताटातून ओढल्यासारखी वाटली. विरोध झाला आणि अभयारण्य हा शब्द वाडीत रागाचा होऊन बसला. कागद होता, पण त्यावर काठाचे मत नव्हते.

"आता उलट बाजू ऐका," ती म्हणाली. पर्ससीनची मोठी जाळी लहान मासळीसकट समुद्र खरवडून नेतात, असे रापणकर वर्षानुवर्षे सांगत होते. मोर्चे निघाले, समुद्रात झटापटी झाल्या. पण ते बोलणे फक्त बोलणे होते. डॉ. सोमवंशी समितीने अभ्यास केला, अहवाल दिला आणि पुढे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी सरकारने पर्ससीनवर हद्दीचे आणि हंगामाचे निर्बंध घातले. त्यानेही सारे प्रश्न सुटले नाहीत, हे बंदरावर कोणीही सांगेल. तरीपण काठाचे म्हणणे आकड्यांच्या कागदावर चढले, तेव्हा मंत्रालयाला ते वाचावे लागले.

"बाबा, आबांचं ज्ञान माझ्यापेक्षा मोठं आहे," ती म्हणाली. "पण उद्या कोणी या खाजणात भराव घालायला निघालं आणि सुनावणी लागली, तर आबा काय सांगणार? इथे पूर्वी खूप तिसरे होते! समोरचा साहेब विचारणार, खूप म्हणजे किती? तिथे गप्प बसावं लागू नये, एवढ्यासाठी माझ्या बाटल्या."

मी काही बोललो नाही. बाहेर खाडीवरून खारा वारा येत होता. 'खूप म्हणजे किती?' हा प्रश्न मला त्या रात्री बराच वेळ झोपू देईना. आपल्या सगळ्या आठवणी 'खूप' आणि 'पूर्वी' या दोन शब्दांवर उभ्या असतात. गिरगावातल्या आमच्या लहानपणी पाऊस खूप पडे, मालवणात बांगडे खूप मिळत, माड खूप होते. या 'खूप'ने मन भरते, पण कज्जा जिंकता येत नाही.

प्रबंध इंग्रजीत लिहिला गेला, कारण विद्यापीठाला तो इंग्रजीत हवा होता. तो पुरा झाल्याचे कळले, तेव्हा तांडेलांनी निरोप धाडला, की आमच्या खाडीविषयी लिहिले आहे तर आम्हांला वाचायला नको का? निरोप बिनतोड होता. मग तिने सुट्टीत बसून चाळीस पानांची मराठी प्रत केली. तिच्या म्हणण्याप्रमाणे इंग्रजीपेक्षा हीच अवघड गेली. पुस्तकातल्या भारदस्त प्रतिशब्दांपाशी तिचे पाऊल अडे. मग ती आजीला फोन करी आणि भांग, उधाण, सुकती, खाजण असे शब्द एकेक करून ओळीत येऊन बसत. तांडेलांकडून टिपून घेतलेल्या माहितीचे तिने वेगळे प्रकरण केले आणि त्यांच्या शब्दाला कुठेही हात लावला नाही.

मराठी प्रत घेऊन आम्ही पुन्हा मालवणला गेलो. तांडेलांच्या पडवीत दहाबारा माणसे जमली होती. त्यांच्या नातीने, नववीतल्या मुलीने, ती मोठ्याने वाचली. भर पावसात खाडीचे पाणी जवळजवळ गोडे होते आणि मे महिन्यात ते समुद्राच्या खारेपणाला जाऊन भिडते, हे आले तेव्हा बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. हे त्यांना आईच्या पोटातून ठाऊक होते. मग चौकटींचा तक्ता आला. कोणत्या बाजूला किती शिंपले, किती रोपे, असे वाचन चालू असताना एका बाईने मध्येच थांबवले. पुलापलीकडच्या एका कोपऱ्यात तुम्ही चौकट टाकलीच नाही, खरे तिसरे तिथे आहेत, असे तिचे म्हणणे पडले. मुलीने ते लगेच समासात लिहून घेतले. सगळे वाचून झाल्यावर तांडेल म्हणाले, "ह्या सगळा आमका ठावक होता." आणि थोडे थांबून म्हणाले, "पण आता सायबाकय ठावक जातला."

मला वाटले, इथे पदवीचे सार्थक झाले. मुलीला तसे वाटत नव्हते. ती म्हणाली, एका वर्षाच्या आकड्यांना शास्त्रात फारशी किंमत नसते. एखादे वर्ष पाऊसच कमी, एखादे वर्ष वादळ. निदान दहा वर्षे त्याच जागी, त्याच तिथींना मोजले, तर खाडी खंगते आहे की सुधारते आहे, हे छातीठोकपणे सांगता येईल. आणि ती स्वतः तर आता नोकरीच्या शोधात जिथे मिळेल तिथे जाणार. मुंबईच्या एका सल्लागार कंपनीकडून बोलावणे आले आहे. पगार बरा आहे. ते काम घ्यावे की किनाऱ्याजवळचे, कमी पगाराचे पाहावे, याचा घोळ आमच्या घरात अजून मिटलेला नाही. तिची आई एका बाजूला आहे, आजी दुसऱ्या. मी बापाच्या जुन्या परंपरेला धरून दोघींनाही होकार देतो.

निघण्याच्या आदल्या दिवशी भांगाची तिथी होती. काळ्यापांढऱ्या चकतीची दोरी तिने तांडेलांच्या नातीच्या हातात दिली, वही दिली, आणि महिन्यातून दोनदा कुठे उभे राहायचे त्या जागी काठावर चुन्याची खूण करून ठेवली. पोरीने पहिल्यांदा चकती सोडली ती तिरपी गेली. दुसऱ्यांदा सरळ उतरली. ती दिसेनाशी झाल्यावर पोरीने दोरीच्या गाठी मोजल्या, वहीत आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे, कोणी न सांगता, तिथी लिहिली.