नावाखालचा रंग

मोटारीवरचे नाव काढायचे, तर ते कशाने धरून ठेवले आहे हे आधी पाहावे लागते. अलीकडच्या गाड्यांवर ते दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीवर बसवलेले असते. केस वाळवायच्या यंत्राने त्याला ऊब द्यायची, पण पत्र्याला हात लावता येईल इतकीच. मग मासे धरायची नायलॉनची दोरी त्याच्या मागे घालून करवतीसारखी मागेपुढे ओढायची. राहिलेला गोंद अंगठ्याने चोळला की त्याच्या वळ्या होऊन निघतो. हट्टी असेल तर रॉकेलचा किंवा निलगिरी तेलाचा बोळा काही वेळ ठेवायचा. थिनर लावायचा नाही, तो रंगच विरघळवतो. स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा नाही. आणि ब्लेड तर नाहीच नाही.

हे सारे मला साताऱ्यातल्या एका मेस्त्रींनी शिकवले, तेही पन्नाशी उलटल्यावर. सरावासाठी माझ्याच गाडीवरचे विक्रेत्याचे नाव काढले. खरे काम निराळे होते. सांगलीहून अण्णांची गाडी आणली होती आणि तिच्या डिकीवरची अक्षरे काढायची होती.

अण्णांनी ती १९८८ साली घेतली. तिच्या पाठीवर ‘प्रीमियर पद्मिनी’ असे रोमन लिपीतले चकचकीत नाव होते. पण आमच्या घरी ती कायम ‘फियाट’च होती. आमच्या घरीच कशाला, उभ्या महाराष्ट्रात. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटशी करार करून गाड्या तयार होऊ लागल्या, १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’. सत्तरीच्या दशकात करार संपला, फियाटचे नाव उतरले आणि चितोडच्या राणीचे चढले. गाडी जवळपास तीच राहिली. लोकांनी कारखान्याचा नामकरणविधी ऐकून घेतला आणि जुन्याच नावाने हाक मारणे चालू ठेवले. मुंबईतल्या टॅक्सीवाल्यांची ‘फियाट’ २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मथळ्यांत ‘पद्मिनी’ लिहिले आणि वाचणाऱ्यांनी मनात ‘फियाट’ म्हटले असणार. याच वालचंदांचे नाव १९५५ साली सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला मिळाले. धोंडूमामा साठ्यांनी १९४७ साली काढलेल्या या महाविद्यालयाचे आधीचे नाव ‘न्यू इंजिनिअरिंग कॉलेज’ होते, हे आज सांगलीतही विचारून पाहावे लागेल. म्हणजे काही नावे उतरवली तरी उतरत नाहीत आणि काही न खरवडताच पुसली जातात. यामागचा नियम मला अजून सापडलेला नाही.

नावांविषयीचा माझा पहिला संताप मात्र याच डिकीशी निगडित आहे. १९९३ साली मी सांगलीत शेवटच्या वर्षाला होतो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला होता. त्यावर मराठवाड्यात दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली आणि ठराव पंधरा वर्षे तसाच पडून राहिला. आम्ही काही मुले सभांना जात होतो, वाचत होतो, मोठमोठ्याने बोलत होतो. एका रात्री मी नामांतराच्या बाजूचे एक स्टिकर आणले आणि ‘पद्मिनी’च्या बरोबर खाली चिकटवले. मनात म्हटले, अण्णांनाही हे पटेलच. ते मराठी शिकवत. चोखोबांवर बोलताना त्यांचा आवाज बदलायचा.

सकाळी ते अर्धे ब्लेड घेऊन डिकीपाशी उकिडवे बसलेले दिसले. स्टिकर निघत होते आणि त्याबरोबर रंगही निघत होता.

“गाडी शाळेच्या आवारात उभी असते,” एवढेच ते म्हणाले.

मी विचारले, “अण्णा, तुम्हांला कुणाचं नाव नको आहे?” त्यांनी उत्तर दिले नाही. आम्ही सव्वा महिना एकमेकांशी बोललो नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी निर्णय झाला. जुने नाव न काढता नवे त्याच्यापुढे जोडले गेले आणि ‘नामांतरा’चा ‘नामविस्तार’ झाला. त्या संध्याकाळी अण्णांनी बातमी वाचून पेपर माझ्या बाजूला सरकवला, एवढेच. ती समजूत होती की शरणागती, हे मी त्यांना कधी विचारले नाही. ते २०२२ साली गेले.

ओरखड्यांवर त्यांनी पुढे स्वतःच कुंचल्याने रंग लावला होता. मूळ रंग मोतिया. लावलेला तसाच दिसायचा, पण उन्हाने तो निराळ्या चालीने पिवळा पडत गेला. त्यामुळे जे झाकायचे होते तेच दरवर्षी जास्त दिसू लागले. हस्तलिखित पोथ्यांत चुकलेल्या अक्षरावर हरताळ फासत, तो पिवळा ठिपका पाहिला की मला ही डिकी आठवते. वाचणाऱ्याची नजर पानावर प्रथम तिथेच जाते आणि खाली काय लिहिले होते हे तो वाकून पाहू लागतो. पाठचिकित्सा शिकवताना हे उदाहरण मी वर्गात अनेकदा देतो. गाडीचे अर्थातच देत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले आणि आमच्या अंगणात गाडी डिकीपर्यंत बुडाली. (पारतंत्र्यातल्या व्हाइसरॉयच्या नावानेच सांगली आजही आपले पाणी मोजते.) गाळ धुतला, पण अक्षरांच्या मागचा धुता आला नाही. जुन्या गाड्यांवर नाव चिकटवलेले नसते. त्याच्या पाठीला बारीक खिळे असतात, ते पत्र्यातल्या भोकांतून आत जातात आणि आतून क्लिपांनी धरलेले असतात. भोकांच्या कडांना रंग नसतो. तिथे ओल धरली आणि चार वर्षांत अक्षरांभोवती गंजाचे फुगे आले. धाकटा भाऊ म्हणाला, “दादा, पूर्ण गाडी नव्यानं रंगवून टाकू. तो डागही जाईल.” त्याला तो डाग पुराचा वाटत होता. मी काही बोललो नाही. आई म्हणाली, “रंगवू नका. ते रोज पुसायचे.”

मेस्त्रींनी आतून क्लिपांवर तेल सोडले आणि रात्रभर थांबायला सांगितले. “घाई केली की खिळा तुटतोय सर. हे ओतीव काम आहे, वाकत न्हाई, तुटतंय.” दुसऱ्या दिवशी अक्षरांभोवती कागदी टेप लावून, क्लिपा आतून काढून, त्यांनी मागे दोरी घातली. दोन खिळे तुटलेच. मग नाव सैल झाले आणि माझ्या हातात आले. त्याच्या मागून चिमूटभर वाळलेला काळा गाळ पडला.

खाली ‘पद्मिनी’ होतीच. पस्तीस वर्षे ऊन न लागलेला मोतिया रंग, अक्षराअक्षराच्या आकारात, भोवतीच्या करपट पिवळ्यापेक्षा कितीतरी उजळ. अण्णांनी गाडी घरी आणली त्या दिवशीचा रंग मी तेव्हाच पुन्हा पाहिला. आणि त्याच्या दोन बोटे खाली अण्णांचा ठिगळासारखा चौकोन. नीट पाहिले तर ब्लेडचे फटकारे सगळे एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे होते. शेवटचे तीन-चार मात्र उथळ होते. तिथे हात थांबत आला होता. कुणाचा तरी आवाज ऐकून, की मी मागे उभा आहे हे कळून, की आणखी कशाने, कोण जाणे.

मेस्त्री म्हणाले, “पॉलिश मारलं तर नावाची सावली कमी होईल, सगळी जायची न्हाई. खालचा डाग मात्र घासून काढतो, हात साफ करून देतो.”

मी म्हटले, गंज तेवढा काढा. भोके आतून बंद करा, तुटलेल्या खिळ्यांच्या जागी नव्या गाड्यांची पट्टी लावा आणि नाव होते तिथेच बसवा. चौकोनाला हात लावू नका.

ते जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढले आणि त्यावर लिहिले: ‘फियाट. नाव काढणे व परत लावणे.’