लॅमिंग्टन रोडवरचे पंचीकरण

आमचे आंबेजोगाई हे गाव जुन्या गोष्टींबद्दल प्रसिद्ध आहे. गावाबाहेरच्या दरीत आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा ‘विवेकसिंधू’ शके १११० चा, म्हणजे इ. स. ११८८ चा. गावात योगेश्वरी आहे, आणि दासोपंतांची पासोडीही आहे. कागद पुरेना म्हणून की काय कोण जाणे, पण या माणसाने सुमारे ४० हात लांब आणि ४ हात रुंद अशा जाड्याभरड्या कापडावर ‘पंचीकरण’ हा आपला ग्रंथ लिहून काढला! अशा गावात मी मराठीचा प्राध्यापक. त्यामुळे माझ्या आयुष्यात नवे म्हणून काही घडेल अशी माझी मुळीच अपेक्षा नव्हती. पण गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या दसऱ्याला, आमच्या चिरंजीवांनी सोने लुटून आल्यावर माझ्या हातात आपट्याच्या पानाबरोबर एक यादीही ठेवली.

चिरंजीव पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला आहेत. त्यांना खेळ खेळण्याजोगा संगणक हवा होता; आणि तोही तयार नको, सुटे भाग आणून घरी जोडायचा होता. “तयार घेतला तर आत काय घातलंय ते कळत नाही, बाबा,” असे त्याचे म्हणणे. हे म्हणणे मला पटले. बाजारच्या लोणच्याबद्दल सौ.चे मत अगदी हेच आहे.

यादी मोठ्या काटेकोरपणे केलेली होती. प्रोसेसर रायझन ५ ५६००, सहा कोअरचा: ९ हजार. मदरबोर्ड: ८. ग्राफिक्स कार्ड: २०. सोळा जीबी रॅम, आठ-आठच्या दोन पट्ट्या: साडेतीन. एसएसडी: ३. पॉवर सप्लाय ५५० वॅटचा: साडेचार. कॅबिनेट: ३. मॉनिटर: ८. एकूण ५९ हजार. त्यातले वीस त्याने स्वतः साठवलेले, चाळीस मी द्यायचे. उरलेला हजार अडीअडचणीला.

मी विचारले, “एकट्या ग्राफिक्स कार्डालाच एवढे?”

“खेळाचं चित्र तेच काढतं ना! प्रोसेसर हिशेब करतो, कार्ड चित्र रंगवतं. चित्र एका सेकंदाला साठ वेळा तरी बदललं पाहिजे, नाहीतर डोळ्याला अडखळल्यासारखं दिसतं.”

मला पंचीकरण आठवले. वेदान्त्यांचा हिशेब असा की, प्रत्येक स्थूल भूतात निम्मा अंश त्याचा स्वतःचा आणि उरलेल्या निम्म्यात बाकीच्या चारांचा एकेक अष्टमांश. अशा मिसळीतून हे शरीर आणि हे जग उभे राहते. मी ते त्याला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “म्हणजे दासोपंतांचंही बजेट होतं.” पुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

दिवाळी झाली आणि सुट्टी संपण्यापूर्वी आम्ही मुंबईला निघालो. आंबेजोगाईहून एस. टी.ने लातूर, आणि लातूरहून रात्रीची रेल्वे. बर्दापूरच्या फाट्यावर गाडी थांबली, तेव्हा चहाच्या टपरीशेजारी एक ट्रॅक्टर उभा होता. मागे दोन ट्रॉल्या. ट्रॉल्यांत पत्र्याच्या पेट्या, कोपीसाठी बांबू, चुलीचे सरपण, पाय बांधलेल्या कोंबड्या, बाया आणि लेकरे. आमच्या जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. दसरा-दिवाळी उलटली की बीडची लाखो माणसे अशीच ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावांत म्हातारी माणसे तेवढी मागे राहतात.

ट्रॉलीवरून उडी मारून एक तरुण माझ्याकडे आला आणि वाकून पाया पडला. तीन वर्षांपूर्वी बी. ए.च्या पहिल्या वर्गात तो माझ्यासमोर दुसऱ्या बाकावर बसत असे. अक्षर सुरेख. दुसऱ्या वर्षाला आलाच नव्हता.

“सर, कुणीकडं निघालाव?”

“मुंबईला. थोडं काम आहे.” काम कसले, ते सांगायला माझी जीभ रेटेना.

“आम्ही निघालो कारखान्यावर. मुकादमाची उचल घेतलीय दसऱ्यालाच. आता फिटंस्तोवर ऊस.” तो हसला. माझ्या मुलाकडे पाहून म्हणाला, “शिकतूस ना? शीक बाबा.” आणि घाईघाईने माझ्या चहाचे पैसे देऊन निघून गेला. मी नको नको म्हणेपर्यंत ट्रॅक्टर सुरूही झाला होता.

रेल्वेत वरच्या बाकावरून बऱ्याच वेळाने आवाज आला, “बाबा, उचल किती असते हो?”

मी म्हणालो, “जोडप्याला मिळून असते. नवराबायकोला मिळून एक कोयता म्हणतात. असेल आपल्या खिशात आहे तेवढी, कधी त्याहून जास्त. आधी घ्यायची आणि सगळा हंगाम राबून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या वर्षावर.”

वरून काही उत्तर आले नाही. मला वाटले, झोपला.

सकाळी दादरला उतरून आम्ही लोकलने ग्रँट रोड गाठले. स्टेशनापासून लॅमिंग्टन रोड हाकेच्या अंतरावर. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे हे नाव. पालिकेने पाटीवर डॉ. भडकमकरांचे नाव लावले त्यालाही आता खूप वर्षे झाली, पण गिऱ्हाईक अजून लॅमिंग्टनलाच विचारीत येते. याच रस्त्यावर मिनर्व्हा थिएटर होते आणि १९७५ साली लागलेला ‘शोले’ तिथे पाच वर्षे चालला. ती वास्तू आता नाही. पूर्वी लोक रेडिओचे सुटे भाग घ्यायला या रस्त्यावर येत, आता संगणकाचे घ्यायला येतात. आमच्या मोंढ्यात धान्याच्या थप्प्या असतात तशा इथे खोक्यांच्या थप्प्या. अरुंद जिने, जिन्यांवर दुकाने, दुकानांत माणसे, आणि प्रत्येकाच्या हातात आमच्यासारखीच एकेक यादी!

पहिल्याच दुकानदाराने यादी पाहिली आणि हसून परत केली. “बेटा, ये दसरे का भाव है.” रॅमच्या साडेतीन हजारांपुढे त्याने ७ लिहिले. एसएसडीच्या ३ पुढे ४. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या दुकानात तेच. कारण विचारले तेव्हा एका मराठी विक्रेत्याने नीट सांगितले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी जगभर प्रचंड संगणककेंद्रे उभी राहत आहेत. त्यांना मेमरी हवी, आणि मेमरीच्या चिपा बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच: कोरियाच्या दोन आणि अमेरिकेची एक. त्यांचे कारखाने त्या मोठ्या गिऱ्हाइकाकडे वळले, आणि घरगुती रॅम महागली. मला हे ऐकून घरच्यासारखेच वाटले. सोयाबीनचा भाव शिकागोत ठरतो आणि शेतकरी रेणापूरला कपाळाला हात लावतो, त्यातलाच हा प्रकार.

त्यात यादीत एक गोष्ट राहूनच गेली होती. विक्रेत्याने विचारले, “कुठून आलात?” मी गाव सांगितले. “मग यूपीएस?” आमच्याकडे वीज कधी जाईल आणि आली तरी किती जोरात येईल याचा नेम नाही, पंखा कधी घरघर फिरतो, कधी नुसता डोलतो. यूपीएसचे साडेचार हजार धरले, आणि बेरीज ६८ हजारांवर गेली. म्हणजे आठ हजार कमी!

विक्रेता अनुभवी होता. त्याने एकामागून एक वाटा दाखविल्या. पहिली वाट जुन्या कार्डाची. निम्म्या किमतीत मिळते. चिरंजीव म्हणाले, “नको. आभासी चलन काढायला रात्रंदिवस राबवलेलं असू शकतं.” ही भीती खोटी नव्हती. इथेरियम या चलनाने २०२२ च्या सप्टेंबरात आपली पद्धत बदलली, तेव्हा अशी दमलेली कार्डे जगभरच्या बाजारांत ढिगांनी आली होती. दुसरी वाट बिननावाच्या पॉवर सप्लायची, हजार रुपयांत. “तो तर आतच असतो, दिसत नाही,” असे विक्रेता म्हणाला, आणि खरे सांगतो, मलाही ते पटले होते. पण मुलगा म्हणाला, “बाबा, घरची वीज त्याच्यातूनच सगळ्यांना वाटली जाते. तो बिघडला तर एकटा जात नाही, दुसऱ्यांनाही घेऊन जातो.” मला दिसत नाही ते स्वस्तात आणावे असे वाटावे, आणि मुलाला दिसत नाही तेच चांगले हवे! मी गप्प बसलो.

“मग तिसरा मार्ग,” विक्रेता म्हणाला, “हप्ते करा. आज सगळं घेऊन जा, वर्षभर थोडं थोडं फेडा. आधार कार्ड आहे ना?”

मी खिशात हात घातलासुद्धा. सरकारमान्य पगार आहे, वर्षभर थोडे थोडे काही जड नव्हते.

“नको,” चिरंजीव म्हणाला. जरा मोठ्यानेच. शेजारची दोन गिऱ्हाइके वळून पाहू लागली. मग माझ्याकडे न पाहता हळू आवाजात म्हणाला, “बाबा, उचल नको.”

म्हणजे रात्री तो झोपला नव्हता.

जिन्याच्या पायरीवर बसून त्याने यादी पुन्हा लिहिली. आधी ग्राफिक्स कार्डावर काट मारली. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, तेच कापले! त्याऐवजी ५६०० च्या जागी ५६०० जी घेतला. याच्या पोटातच चित्र काढण्याची थोडी सोय असते, किंमत साडेअकरा हजार. वेगळ्या कार्डाची त्याला सर नाही. पण हलके खेळ चालतात. मात्र हे पोटातले चित्रकार रॅममधलीच जागा उसनी घेतात, म्हणून पट्ट्या दोनच हव्यात. एक मोठी पट्टी स्वस्त पडली असती, पण दोन पट्ट्यांनी जाण्यायेण्याची वाट दुप्पट रुंद होते. ती त्याने कापली नाही. पॉवर सप्लाय मात्र ५५० वॅटचाच ठेवला.

“आता कार्ड नाही, मग एवढा कशाला?” मी विचारले.

“पुढं कार्ड आलं की लागेल. विहिरीचं बांधकाम एकदाच करायचं असतं. मोटार मागून बसवता येते.”

हे वाक्य त्याला मी शिकविलेले नाही. माझ्या वडिलांचे आहे. ते वारले तेव्हा हा पाच वर्षांचा होता.

बेरीज साडेपन्नास हजार झाली. साडेनऊ हजार शिल्लक राहिले. खोकी दोरीने बांधून, मॉनिटर लेकरासारखा मांडीवर घेऊन आम्ही परत लातूर गाठले. बर्दापूर फाट्यावर एस. टी. थांबली. टपरीशेजारी आता कोणीच नव्हते, तीन दगडांची एक चूल आणि राख तेवढी होती. मुलगा खिडकीतून तिकडे बघत राहिला. मीही बघितले. दोघेही बोललो नाही.

घरी सतरंजी अंथरून जोडणी झाली. मला फक्त विजेरी धरण्याचे काम होते. प्रोसेसर अलगद बसला, त्यावर साबुदाण्याच्या मोठ्या दाण्याएवढी लेपाची टिकली, त्यावर पंखा. सगळे जोडून कळ दाबली. पंखे फिरले, दिवा लागला, आणि पडदा काळाच! पाच मिनिटे गेली. सौ. दारात उभी होती, तीही काही बोलली नाही. चिरंजीवाचा चेहरा पाहवत नव्हता. साडेपन्नास हजार माझ्याही डोळ्यांपुढून गेले.

शेवटी तो म्हणाला, “रॅम नीट बसली नसेल. मला दाबायची भीती वाटते. मोडली तर?”

त्याने वीज बंद केली. मी विजेरी त्याच्या हातात दिली, दोन्ही अंगठे पट्टीच्या टोकांवर ठेवले आणि भीत भीत दाबले. ‘खट्’ असा आवाज झाला. दुसरी पट्टी. पुन्हा ‘खट्’. कळ दाबली, आणि पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. पंचीकरणात माझा म्हणून जो काही अष्टमांश असेल, तो एवढाच.

त्याला आता वर्ष होत आले. यंत्र चालते, वैशाखात ४० च्या वर पारा गेला तेव्हाही चालले. मदरबोर्डावरची कार्डाची जागा अजून रिकामी आहे. साडेनऊ हजारांचे पाकीट माझ्या कपाटात ‘विवेकसिंधू’च्या प्रतीत ठेवले आहे, चिरंजीव अधूनमधून त्यात शंभर-दोनशेची भर घालतो. परवा मी होऊन म्हणालो, “उरलेले मी घालतो, घेऊन टाकू या दिवाळीला.”

तो म्हणाला, “राहू द्या बाबा. जागा आहे, भरेल.”