पोच

मागच्या शनिवारी सकाळी साडेआठला आईचा फोन. (वीकांताला साडेआठ म्हणजे आमची मध्यरात्र, पण हे आईला कोण सांगणार!) पाऊस, गुडघे, गॅस सिलिंडर, शेजारच्यांचा कुत्रा असे नेहमीचे विषय झाले आणि फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "हल्ली लिहीत नाहीत रे ते. विचारलं तर म्हणतात, माझ्या चुका होतात."

'ते' म्हणजे बाबा. आणि चूक कोणी काढली होती? अस्मादिकांनी!

तर झालं असं. बाबा २०२४ साली पोस्टातून निवृत्त झाले. अडतीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन-दोन माणसांच्या कचेऱ्यांत. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने त्यांनी इतर सगळे निवृत्त लोक करतात तेच केलं, म्हणजे मेथीच्या पाण्याचे फायदे वगैरे इकडचं तिकडे ढकललं. आणि मग एका रविवारी त्यांनी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्वतःच काहीतरी लिहून टाकलं. एका बोटानं, जोडाक्षरांशी झटापट करत. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी एक चिटोरं असायचं, त्या बोटभर जागेत मुंबईचे चाकरमानी अख्ख्या घराचा कारभार कसा बसवायचे, यावर. मग दर रविवारी एक. आम्ही सव्वीस जण आहोत त्या ग्रुपवर.

एका रविवारचा मजकूर तारेचा होता. १९९१ चा पावसाळा, राजापूर तालुक्यातलं एक गाव. पोस्टमन टपाल घेऊन पलीकडच्या वाडीत गेलेला आणि मधल्या पऱ्याला पाणी आलेलं, त्यामुळे तो तिकडेच अडकला. तेवढ्यात फोनवरून एक तार आली. बाबांनी ती फॉर्मवर उतरवून घेतली, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि छत्री घेऊन स्वतःच निघाले. अंगणात पोचतात न पोचतात तोच ओटीवरच्या म्हातारीनं त्यांच्या हातातला कागद बघितला आणि हंबरडा फोडला. वाडी गोळा झाली. बायका रडायला लागल्या. खरं तर मुलगा मुंबईत नोकरीत कायम झाला होता आणि शनिवारी घरी येत होता, एवढंच तारेत होतं! बाबा पावसात उभे राहून "चांगली बातमी आहे हो" म्हणून ओरडतायत आणि ऐकतंय कोण? शेवटी कसंबसं समजलं तिला. तोवर बाबा निम्मे भिजले होते. पुढच्या आठवड्यात ती म्हातारी दोन मैल चालत पोस्टात आली, पिशवीभर सोलं घेऊन. म्हणाली, त्या दिवशी तुम्हाला बसा पण म्हटलं नाही.

पुढे बाबांनी लिहिलं होतं, की नोकरीत हजारो पोचपावत्यांवर सह्या घेतल्या, पण ही पावती बिनसहीची. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, तार २०१२ साली बंद झाली.

यावर काकांचा अंगठा आला. आत्याचे दोन जोडलेले हात. चुलतभावाने "हे तर काहीच नाही" अशी सुरुवात करून त्याच्या हरवलेल्या कुरिअरची कहाणी सांगितली, ती बाबांच्या मजकुराहून लांब होती. सांगलीच्या काकांनी गुलाबाचं सुप्रभात टाकलं, ते बहुतेक न वाचताच. आणि मी लिहिलं, "२०१३, बाबा. १५ जुलैपासून."

बस. एवढंच लिहिलं मी. आणि लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. आपण वडिलांचं लिखाण नीट, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो असं काहीतरी.

बाबांचं उत्तर आलं, "हो. २०१३ च. चूक झाली."

त्याच्या पुढच्या रविवारी काही आलं नाही. त्याच्याही पुढच्या रविवारी नाही. आईचा फोन आला तेव्हा सहा रविवार झाले होते, आणि खरी लाज वाटण्याची गोष्ट ही, की ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता, वर्ष चुकलं होतं हे खरंच आहे. शेवटची तार १४ जुलै २०१३ च्या रात्री गेली, तेव्हा मी शाळेत होतो आणि टीव्हीवर ती रांग बघितल्याचं मला आठवतंय. पण मग त्या मजकुरात इतकं सगळं असताना माझं बोट नेमकं त्या एका आकड्यावर का गेलं?

एक कारण हापिस. दिवसभर मी दुसऱ्यांचा कोड तपासतो. कोड रिव्ह्यूची रीत अशी, की जे चुकलंय तिथे टिप्पणी करायची आणि जे बरोबर आहे तिथे गप्प बसायचं. गप्प बसणं हीच पसंती. ही रीत काही वाईट नाही. आयबीएममधल्या मायकेल फेगनने १९७६ साली कोडच्या तपासणीची पद्धत कागदावर मांडली, तेव्हाही बैठकीचं काम चुका शोधणं एवढंच ठेवलं होतं. त्या कशा दुरुस्त करायच्या याची चर्चासुद्धा तिथे करायची नाही. आणि बैठक भरकटू नये, माणसं एकमेकांवर घसरू नयेत म्हणून एक मध्यस्थ बसवलेला. आम्ही त्यातल्या चुका तेवढ्या ठेवल्या, मध्यस्थाला नारळ दिला.

गेल्या वर्षी टीममध्ये एक नवीन मुलगी आली. तिच्या पहिल्याच कामावर मी तेवीस टिप्पण्या केल्या. नावं अशी ठेव, हे फंक्शन तोड, इथे नल तपास. तेवीसच्या तेवीस बरोबर होत्या, आजही त्या मी तशाच करीन. तिने दोन दिवस बसून सगळ्या दुरुस्त केल्या आणि मग कँटीनमध्ये चहाच्या रांगेत हळूच विचारलं, "पण सर, ते चालतंय ना?" चालत होतं! आम्हाला तीन आठवडे न सापडलेला बग तिने काढला होता. ते मी कुठेच लिहिलं नव्हतं. म्हटलं, अगं, चालतंय म्हणून तर बाकीचं बघितलं. हे तिला कसं कळावं हे मला तेव्हा सुचलं नाही. (आणि ते 'सर' पण काढून टाकायला सांगितलं. म्हणजे चोविसावी टिप्पणी! :) )

दुसरं कारण जास्त लाजिरवाणं आहे. पार्किन्सनने १९५७ च्या आपल्या पुस्तकात एका समितीची गोष्ट सांगितलीय. कोटीभर खर्चाची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण त्यातलं कुणाला काही कळत नसतं. आणि सायकली ठेवायच्या शेडवर पाऊण तास खल चालतो, कारण शेड सगळ्यांनाच कळते. आमच्या धंद्यात हे इतकं खरं आहे, की १९९९ मध्ये फ्रीबीएसडीच्या एका डेव्हलपरने याच गोष्टीचा दाखला देऊन सहकाऱ्यांना झापलं, आणि तेव्हापासून असल्या फुटकळ वादाला 'बाइकशेड' हेच नाव पडलं. हे मी नव्या पोरांना मोठ्या रुबाबात सांगतो. आणि घरी काय करतो? पावसात उभा असलेला सत्तावीस वर्षांचा माणूस, ज्याचं कुणी ऐकत नाही, ही अणुभट्टी. तिच्यावर काय बोलायचं मला सुचलं नाही. २०१२ की २०१३, ही शेड. ती मला येत होती.

मला वाटतं आपण बहुतेक वेळा असंच करतो. समोरचा जे म्हणाला त्याला उत्तर देत नाही. त्यातलं आपल्याला जे उत्तर देता येतं, त्याला देतो. चुलतभावाला कुरिअर येत होतं, त्याने कुरिअर दिलं. आत्याला नमस्कार येतो. यात कुणाचा दुष्टावा नाही. पण सव्वीस जणांपैकी एकानेही त्या माणसाला त्याचं म्हणणं पोचल्याचं सांगितलं नाही.

मराठीत 'पोच' शब्द मोठा गमतीचा आहे. मिळाल्याची पावती म्हणजे पोच, आणि "त्याला पोच नाही" म्हणतो तेव्हा समज नाही, असाही अर्थ होतो. पोच न देणाऱ्याला पोच नसते, असं बाबांच्या पोस्टातल्या कुणीतरी नक्कीच म्हणून ठेवलं असणार.

आमच्याकडे टीसीपीत पोच असते. तुमच्या फोनवर हा मजकूर आला तोही त्यातलीच एखादी जोडणी वापरून आला असण्याची शक्यता दांडगी. पलीकडचं यंत्र फक्त एक आकडा पाठवतं, इथवरचं मिळालं, आता इथून पुढचं पाठव. मजकूर बरोबर आहे की चूक, आवडला की नाही, याबद्दल ते एक अक्षर बोलत नाही. पण तो आकडा आला नाही तर पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो. मग जास्त वेळ थांबून पुन्हा. मग त्याहून जास्त वेळ थांबून. आणि शेवटी पलीकडे कुणी नाही असं धरून जोडणी सोडून देतो. हे मी कॉलेजात पाठ केलं होतं, परीक्षेत आकृतीसकट लिहिलं होतं. वडिलांच्या बाबतीत ओळखता आलं नाही.

व्हॉट्सअॅपच्या निळ्या टिका (२०१४ मध्ये आल्या त्या) ही पोच नव्हे. त्या म्हणजे पाकीट उघडलं, एवढंच. बाबा रजिस्टर एडीबद्दल हेच सांगायचे, कार्डावरची सही पाकीट घेतल्याची, वाचल्याची नाही. (२०२५ मध्ये रजिस्टर पोस्टच स्पीड पोस्टात विलीन झालं. त्यावर बाबांनी लिहिलं असतं काहीतरी. तेव्हा अजून मेथीचं पाणी चालू होतं.)

मग पोच म्हणजे नुसतं "वा बाबा, छान" का? तेही नाही. पोवाडा ऐकताना शाहिराच्या मागे उभे असलेले झीलकरी बघा. "जी जी जी" याच्यात माहिती शून्य. पण ते योग्य जागी पडावं लागतं, म्हणजे शाहीर कुठे पोचलाय हे झीलकऱ्याला ठाऊक असावं लागतं. भलत्या ठिकाणी 'जी' म्हणून बघा, शाहीर मागे वळून बघेल. झील ओढणे याचा दुसरा अर्थ हांजी हांजी करणे असा झाला, तो जागा न बघता ओढणाऱ्यांमुळे झाला असावा असा आपला माझा तर्क.

असो. शनिवारी दुपारी मी बाबांना लिहायला बसलो. आधी लिहिलं, "सॉरी बाबा, तुम्ही छान लिहिता, लिहीत राहा." वाचून बघितलं. हा काकांचा अंगठाच होता, फक्त शब्दांतला. पुसला. मग वर सरकवत सरकवत सहा आठवड्यांपूर्वीचा तो मजकूर काढला आणि पुन्हा वाचला. या खेपेला अडकलो ते "शेवटी कसंबसं समजलं तिला" इथे. कसंबसं म्हणजे कसं? अख्खी वाडी रडतेय, पाऊस पडतोय आणि एका माणसाला चांगली बातमी सांगायचीय. हे जमवलं कसं त्यांनी? पहिल्यांदा वाचताना हा प्रश्न मला पडला नव्हता. पडला असता तर बहुधा २०१२ दिसलंच नसतं.

मग तेवढंच विचारलं. ग्रुपवरच, सगळ्यांसमोर, कारण चूकही सगळ्यांसमोरच काढली होती. "बाबा, त्या आजींना शेवटी कळलं कसं? आणि त्यानंतर तार घेऊन जायची वेळ आली की काय करायचात?"

टिका निळ्या झाल्या. दुपार गेली, संध्याकाळ गेली. मी मित्रांबरोबर जेवायला बाहेर पडलो आणि दर दहा मिनिटांनी फोन बघत होतो. रात्री साडेदहाला 'टायपिंग' दिसायला लागलं. मग थांबलं. मग परत दिसलं. एका बोटाचा वेग, त्यात जोडाक्षरं. अकराला दहा कमी असताना हे आलं. जसंच्या तसं देतोय.

"तिच्या कानाशी तोंड नेऊन आधी मुलाचं नाव घेतलं. मग शनिवारी येतोय एवढंच म्हटलं. नोकरी, कायम वगैरे नंतर. त्या दिवसानंतर ठरवून टाकलं. चांगली तार असली तर कागद खिशात ठेवायचा आणि गडग्याबाहेरूनच मोठ्यांदा सांगायचं. वाईट असली तर काही बोलायचं नाही. आधी पाणी मागायचं, ओटीवर बसायचं, घरातलं मोठं माणूस समोर येऊन बसेपर्यंत थांबायचं. पोस्टमनलाही तसंच करायला लावलं. वर्षभर बरं चाललं. मग गावाला कळलं. आम्ही पाणी मागितलं की बायका रडायला लागायच्या. पुढं त्या गावात होतो तोवर भर मे महिन्यात घशाला कोरड पडली तरी कुणाच्या दारात पाणी मागितलं नाही. हे सगळं २०१३ च्या आधीचं आहे. तपासून घे."